गुरुजींचे अश्रू आणि माझी झाडण्याची पाळी

अमळनेरच्या आमच्या शाळासोबत्यांमध्ये गेल्या महिन्यात तो जुना वाद पुन्हा पेटला: साने गुरुजी आजच्या मुलांचे आदर्श होऊ शकतात का? एका मित्राचे म्हणणे असे, की 'श्यामची आई'ने पिढ्यांना रडायला शिकवले, लढायला नाही. आणि श्टुटगार्टमध्ये बसून गुरुजींचे गोडवे गाणे तर त्याहून सोपे. त्याचा दुसरा आक्षेप मला मान्य आहे, पहिला नाही.

गुरुजी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत आणि तेथील छात्रालयही सांभाळत. माझे आजोबा त्या छात्रालयात होते. त्यांनी गुरुजींचे एकही भाषण आम्हाला कधी सांगितले नाही. सांगत ते एवढेच, की मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, अंथरुणे आवरत, मळके कपडेही धुऊन टाकत, आणि परतलेली मुले ओशाळून दुसऱ्या दिवशी आपणहून झाडू हाती घेत. आजोबा पुढे आयुष्यभर अंगणाबरोबर गल्लीही झाडत राहिले. शेजाऱ्यांना ते खटकत असे. त्या खटकण्यामागे जात होती, हे मला फार उशिरा उमगले.

श्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत 'केरवोखे' पाळतात. (त्यातला 'केर' आपला नव्हे, जर्मन क्रियापदातून आलेला आहे, पण मला तो आपलाच वाटतो.) ज्याच्या दाराला पाटी अडकवलेली असेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा, मग तो डॉक्टर असो वा बसचालक. मी पहिल्यांदा जिना पुसत असताना माय व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तठे बी झाडूच का रे भाऊ?" आजोबांच्या सुनेने हे विचारावे, याचे मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

मात्र यावरून जर्मनी श्रमप्रतिष्ठेचे माहेरघर ठरत नाही. येथे जिना झाडला जातो तो भाडेकरारात लिहिले आहे म्हणून आणि शेजारीण कोपरे तपासते म्हणून. अनेक इमारतींनी तर हे काम कंपन्यांकडे सोपवले आहे आणि तेथे बादली उचलणारे हात बहुधा माझ्यासारख्याच परदेशातून आलेल्यांचे असतात. गुरुजींच्या झाडूमागे करार नव्हता. फरक आहे तो एवढाच, पण मोठा आहे.

आणि राहिले रडणे. हाच 'रडका' माणूस १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्याने लिहून घेतली आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून तो प्राणांतिक उपोषणाला बसला. गुरुजींच्या अश्रूंवर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो, त्याचे कारण मला वेगळेच दिसते: अश्रूंविषयी बोलत राहिले की झाडूविषयी बोलावे लागत नाही. ज्या मित्राने आक्षेप घेतला, त्याच्या जळगावच्या सोसायटीत जिना झाडायला एक बाई येते. गेल्या दिवाळीत तिचे नाव मी त्याला विचारले, ते त्याला सांगता आले नाही. मलाही ते तोवर कधी विचारावेसे वाटले नव्हते, आणि त्याच्याकडे मी आठ वेळा तरी उतरलो आहे.