‘बॅटरी तीन तासही टिकत नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून घेतलेली १५० अँपिअर-अवर क्षमतेची इन्व्हर्टरची बॅटरी २०० वॅटच्या लोडवर नऊ तास चालायला हवी होती, ती तीन तासही चालली नाही, म्हणजे आम्ही जुनी बॅटरी तुमच्या गळ्यात मारली. भर पावसात पाहुणे अंधारात बसले याचं आम्हालाही वाईट वाटतं. होमस्टेवाल्याचं नाव अशाच रात्री खराब होतं. पण जुन्या बॅटरीचा आरोप खरा नाही, आणि तो सगळ्यांसमोर केलात म्हणून उत्तरही इथेच देतो.

आमचा मुलगा तुमच्याकडे येऊन गेला तेव्हा दिवसभर लाईट होती, बॅटरी फुल चार्ज होती. हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायचं साधन) सहाही सेलचं, म्हणजे आतल्या सहाही कप्प्यांचं, रीडिंग १२४० च्या आसपास आलं, फुल चार्जला एवढंच येतं. तुमच्यासारखी ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची) बॅटरी दमलेली असेल तर एखादा तरी सेल मागे राहतो. मग त्याने बॅटरीच्या केबलला क्लॅम्प मीटर (केबलमधून किती करंट जातो ते दाखवणारा) लावला, तो ३५ अँपिअर दाखवत होता. तुमच्या २०० वॅटच्या हिशेबाने दोन पंखे आणि चार एलईडी बल्ब असतील तर २० च्या आसपास दिसायला हवेत. शोधल्यावर कळलं की मागच्या दोन खोल्यांचे पंखेही नंतर कुणीतरी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेत. साधा पंखा ७५ वॅट खातो. म्हणजे तुमचा लोड २०० नाही, साडेतीनशेच्या घरात आहे.

आता नऊ तासांचा हिशेब. १५० गुणिले बॅटरीचे १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास, भागिले २००. कागदावर बरोबर आहे. पण लेबलवरचे १५० मिळतात ते बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तर, म्हणजे साडेसात अँपिअरने. विहिरीवर मोठा पंप लावला की पाणी झटकन तळाला जातं, तसंच जास्त अँपिअर ओढले की तेवढी क्षमता हातात येत नाही. शिवाय १२ व्होल्टचे २३० करताना इन्व्हर्टर स्वतः साधारण पाचवा हिस्सा खातो. म्हणून बिलामागे ‘दोन पंखे, चार बल्ब : पाच तास’ असं लिहून दिलं होतं. चार पंख्यांवर फुल चार्ज बॅटरीही तीनच तास देते.

आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती फुल होतेच कुठे? रिकामी बॅटरी भरायला १० ते १२ तास सलग लाईट लागते. दुपारी दोन तास आली, पुन्हा गेली, तर रात्रीला अर्धीही भरलेली नसते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, इन्व्हर्टर तासांसाठी आहे, दिवसांसाठी जनरेटर ठेवा.

तुम्ही दुसरी बॅटरी मागताय. आमचं मत, आत्ता घेऊ नका, तीही अर्धवटच भरेल. चारही पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बसवा, एक ३० वॅटच्या आसपास घेतो. याच बॅटरीवर चार खोल्या साडेसहा तास निघतील. ते नको असेल तर मागच्या दोन खोल्या वेगळ्या करून घ्या, वायरमन आम्ही पाठवतो.

टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवट पूड धरली होती, ती मुलाने साफ करून पेट्रोलियम जेली लावली आहे. पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी पाहत जा, आणि पाणी डिस्टिल्डच घाला, विहिरीचं नको. वॉरंटी आहे तशी चालू आहे. बॅटरीवरचा तारखेचा कोड बिलाशी ताडून पाहा, न जुळल्यास बॅटरी परत आणा.