रेज साँडर्सला नुसतं 'पहिला अधिकारी' म्हणून संपवू नका राव

दरवर्षी 25 एप्रिलला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, अँझॅक डेला, कुणीतरी रेज साँडर्सचा युनिफॉर्ममधला फोटो टाकतं, ऑस्ट्रेलियन आर्मीतला पहिला मानला जाणारा आदिवासी कमिशन्ड ऑफिसर, आणि खाली लाइक्सचा पाऊस. पण हा 'पहिला' 1944 साली झालाय हो! त्यात मिरवण्यासारखं काही असेल तर ते साँडर्सचं, सरकारचं नाही.

घरात सैन्य आधीपासूनच होतं. वडील पहिल्या महायुद्धात लढलेले, आणि नात्यातल्या ज्या माणसाचं नाव याला दिलं तो मिलिटरी मेडल मिळवून 1918 ला फ्रान्समध्ये मारला गेला. हा जन्मला 1920 ला, व्हिक्टोरिया राज्यात, गुन्डिजमारा समाजात. एप्रिल 1940 ला भरती झाला, आणि त्याच सुमारास आर्मीचं अधिकृत धोरण काय, तर आदिवासींना घेणं गरजेचंही नाही आणि इष्टही नाही. पुढे जपान दारात आल्यावर नियम आपोआप सैल झाले. गरज पडली की सगळे आपलेच असतात.

मला विचाराल तर खरी गोष्ट ग्रीसच्या क्रीट बेटाची आहे. मे 1941 मध्ये जर्मनांनी बेट घेतलं, साँडर्सची 2/7 बटालियन माघार घेणाऱ्यांच्या पाठीमागे लढत राहिली आणि शेवटी जहाजं गेली, हे मागेच राहिले, बहुतेक सगळे कैदी झाले. हा डोंगरात पळाला. जवळपास वर्षभर तिथल्या गावकऱ्यांनी त्याला लपवलं, खाऊ घातलं, सापडलं तर जर्मन गोळ्या घालणार हे माहीत असून. मे 1942 ला बोटीने आफ्रिकेत निसटला. तिथून घरी, आणि परत न्यू गिनीच्या जंगलात. नोव्हेंबर 1942 मध्येच धाकटा भाऊ हॅरी न्यू गिनीतल्या गोनाला मारला गेला होता.

मग ऑफिसर ट्रेनिंग. तिथे तंबूत सोबतीला व्हिक्टोरिया क्रॉसवाला टॉम डेरिक! या दोघांच्या गप्पा ऐकायला मिळायला हव्या होत्या.

युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये जाणाऱ्या फौजेसाठी याने नाव दिलं, तर उत्तर आलं की आदिवासी चालणार नाहीत. अरे, लेफ्टनंट आहे तो! पलटण चालवलीय त्याने लढाईत, गोळी खाल्लीय! पण नाही. मग क्लार्की, बांधकामावर मजुरी असली कामं. वर ज्या लेक कोन्डाला तो वाढला तिथली आदिवासींसाठी राखीव जमीन सरकारने सैनिकांच्या पुनर्वसनासाठी वाटली, गोऱ्या सैनिकांना.

तरी 1950 ला कोरिया पेटल्यावर हा परत गेला. का गेला असेल? देशभक्ती वगैरे लोक लगेच म्हणतात, मला वाटतं माणसाला जिथे माणसासारखं वागवलं तिथे तो परत जातो, आणि ती जागा त्याच्यासाठी बटालियन होती. एप्रिल 1951, कोरियातलं कापयाँग, कॅप्टन साँडर्स सी कंपनीचा कमांडर, समोर रात्रभर चिनी हल्ले. बटालियनने हल्ला रोखून धरला, अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं युनिट सायटेशन मिळालं. (ही बटालियन ज्या ब्रिगेडमध्ये होती तिच्यासोबत आपल्या भारताचं लष्करी वैद्यकीय पथक, 60 पॅरा फील्ड अँब्युलन्सही कोरियात होतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.)

1954 ला आर्मी सोडली. 1969 पासून आदिवासींच्या सरकारी खात्यात काम केलं, 1971 ला एमबीई हा ब्रिटिश सन्मान, मृत्यू 1990. कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमधल्या गॅलरीला त्याचं नाव दिलं 2015 ला. चांगलं केलं. पण त्या लेक कोन्डाच्या जमिनीबद्दलही फोटोखाली दोन ओळी लिहा की.