एसी केबिनवाल्याचं उत्तर

नमस्कार. मंदीत माणसं कामावरून जायच्या आधी कामाचे प्रोसेस मॅप, म्हणजे काम कुठून कुठे कसं जातं त्याचे नकाशे, काढून ठेवा, असं मी लिहिलं. त्यावर 'अनामिक' नावाने तुम्ही प्रतिक्रिया दिलीत, तुमचं म्हणणं असं, की मॅपमध्ये चौकोन येतात, अक्कल येत नाही. ते सहा महिन्यांत शिळे होतात. ज्याला कामावरून काढायचं त्याच्याकडूनच फासाचा दोर वळवून घेता. आणि वर 'असलं एसी केबिनमध्ये बसूनच सुचतं'.

एक चूक कबूल. 'सगळं ज्ञान टिकतं' लिहिलं होतं, 'बरंचसं' हवं होतं. बदललंय.

आता केबिन. २००९ च्या मंदीत मी डिस्पॅचला होतो, दिवसभर उभा, चलनं हातात, केबिन लांबच राहिली, बसायला खुर्ची मिळाली तरी नशीब. त्या वर्षी बिलिंगच्या एक बाई काढल्या, बावीस वर्षं तिथे होत्या. महिन्याभरात एका मोठ्या कस्टमरचं पेमेंट अडकलं, आमच्या सिस्टीममध्ये सगळं बरोबर दिसतंय आणि पैसे काही येत नाहीत. तर बाई काय करायच्या, रेट बदलला की बिल पाठवायच्या आधी तिकडे फोन करून पीओचा (त्यांच्या खरेदी ऑर्डरचा) नवा नंबर घ्यायच्या, कारण जुन्या नंबरचं बिल त्यांच्याकडे गुपचूप बाजूला पडायचं. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, ह्यातलं अक्षर नव्हतं. शेवटी मीच बाईंना घरी फोन केला, दोन मिनिटांत सांगितलं त्यांनी. ते दोन मिनिटांचं आधी कागदावर असतं तर? हे मी भोगलंय हो, वाचून नाही लिहीत.

आणि मॅप म्हणजे चौकोन हे तुम्हाला कोणी सांगितलं? गिलब्रेथ नवरा-बायकोने १९२१ साली प्रोसेस चार्ट मांडला, १९४७ ला अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने पाच खुणा ठरवल्या, त्यातली एक खूण निव्वळ थांबण्याची आहे. काम जिथे थांबतं तिथेच विचारायचं असतं, 'आता तुम्ही काय करता?' बाईंचा फोन त्या खुणेवर सापडला असता. कॉन्फरन्स रूममध्ये नाही, शेजारी बसून, एक ऑर्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून.

तुमच्या बाजूचं खरं उदाहरण तुम्हाला सुचलं नाही, मीच देतो. अमेरिकेच्या अण्वस्त्रांत फॉगबँक नावाचा पदार्थ लागतो. १९८९ ला तो बनवणं बंद झालं (मंदीमुळे नाही, पण प्रकार तोच), नोंदी त्रोटक, माणसं रिटायर. पुन्हा बनवायला घेतला तर जमेना. पुढे कळलं की जुन्या कच्च्या मालात एक भेसळ होती, तीच गरजेची होती, आणि नव्या पद्धतीत ती साफ होत होती. मूळ कारागिरांनाही हे ठाऊक नव्हतं, म्हणजे मॅपमध्ये ते कुठून येणार? असा मुद्दा काढला असतात तर मी मान तुकवली असती. तुम्ही केबिनचा एसी काढलात.

शिळे होतात म्हणालात, तर त्यावर तारीख आणि सांभाळणाऱ्याचं नाव टाका, संपला विषय. दोर वळवण्याचं जे आहे तो मॅनेजमेंटचा प्रश्न, मॅपिंगचा नाही, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

पुढच्या वेळी 'अनामिक' नको, नाव घालून लिहा.