मिरची बटाईदाराची, सल्ला आपला

विषय निघाला बंड्याच्या शेतावरून. नर्मदेकाठच्या निमाडात, कसरावदकडे त्याची वडिलोपार्जित जमीन आहे, बटाईने म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेली. बंड्या स्वतः इंदुरात राहतो आणि सण-लग्न असलं की तिकडे फेरी मारतो. यंदा त्याचा बटाईदार म्हणतोय, मिरची बास, मका लावतो.

"डरपोक झालाय भिया तो," रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर बूड टेकता टेकता बंड्या म्हणाला. "बेडियाची मिरचीची मंडी हाताशी, अख्खं निमाड मिरचीवर पैसा करतंय, आणि हा मका लावणार!"

"डरपोक कसा?" तात्या उखडले. "पानं आकसली की तुझी मंडी काय कामाची?"

तात्यांचं बरोबर होतं. मिरचीवरचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, पांढरी माशी पसरवते. पावसाने ओढ दिली, उकाडा वाढला की माशीचं फावतं. रोगावर औषध नाही, फवारणी होते ती माशीवर. एकदा रोप खुरटलं की पुढचा सगळा खर्च पाण्यात.

बंड्याकडे उत्तर तयार होतं: रोपवाटिकेवर जाळी टाका, वाफ्यांवर मल्चिंगचा कागद अंथरा, ड्रिप बसवा. शेजारचे करतातच की. वर त्याने कापसाचा दाखला दिला. इंदूरहून निमाडात जाताना मानपूरचा घाट उतरला की चारेकशे मीटर खाली येतो आपण, तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तशा भट्टीत पाणी असलेले निमाडी शेतकरी मेच्या मध्यालाच कापूस टोचतात, म्हणजे पाऊस येईपर्यंत झाड उभं राहिलेलं असतं. "माणूस जुळवून घेतो रे. रडत बसत नाही."

माझं डोकं तिथेच अडकलं. पाणी असलेले. बंड्याने तो शब्द असा सहज उच्चारला, जणू पाणी हा स्वभावाचा गुण आहे! ज्याच्या शेतापर्यंत नर्मदेची पाइपलाइन पोहोचली किंवा विहीर उन्हाळ्यात टिकते, तो मेमध्ये पेरतो. उरलेला आभाळाकडे बघतो, आणि मग आपण पहिल्याला हुशार म्हणतो नि दुसऱ्याला डरपोक.

तात्यांनी मग माळवा काढला, ते निघणारच होतं. त्यांच्या लहानपणी सांवेरकडे पावसाळ्यात काळी रानं बरीचशी पडीकच ठेवायचे. जमिनीत ओल मुरवायची आणि तिच्यावर हिवाळ्यात गहू काढायचा. 1970 नंतर सोयाबीन आलं आणि ते पडीक रान भरून गेलं. हातात रोकड आली, लोकांनी पक्की घरं बांधली. मग सगळीकडे तेच पीक, खाली ट्यूबवेलवर ट्यूबवेल. "डग डग रोटी, पग पग नीर म्हणायचे ना? त्याच माळव्यात देवासला प्यायचं पाणी रेल्वेने आणायची वेळ आली!" हेही तात्यांनीच सांगितलं की 2006 मध्ये तिथले कलेक्टर उमाकांत उमराव यांनी ट्रॅक्टरवाल्या मोठ्या शेतकऱ्यांना गाठून सांगितलं, आपल्याच जमिनीत तळं खोदा. त्यांनी खोदली, आणि पिकं सावरली. पण ज्याच्याकडे दोनच बिघे आहेत, त्याने तळं कुठे खोदायचं, यावर तात्या गप्प.

मी अलीराजपूरचं उदाहरण दिलं. नर्मदेच्या खोऱ्यातल्या भिताडासारख्या भिल्ल गावांत पाट काढायची जुनी रीत आहे. नाल्याला वरच्या अंगाला दगडांचा बांध घालायचा, सागाची पानं आणि चिखल लावून तो बुजवायचा, आणि डोंगराच्या कडेकडेने पाणी असं न्यायचं की बघणाऱ्याला ते चढ चढतंय असं वाटावं. पावसाळ्यानंतर सगळ्यांनी मिळून डागडुजी करायची, मग पाळीपाळीने पाणी. त्यावर गहू, हरभरा होतो. पैसा जवळजवळ लागत नाही, पण माणसं लागतात. आणि त्याच पट्ट्यातली माणसं दिवाळीनंतर मजुरीला गुजरातेत जातात, होळीआधीच्या भगोऱ्याच्या जत्रेला परततात. हेही जुळवून घेणंच, फक्त त्याचं कौतुक कुणी करत नाही.

"म्हणजे माझं चुकतंय?" बंड्या.

बँकवाले काका इतका वेळ चहा फुंकत होते. ते म्हणाले, "तू करार लिहून दिलायस का त्याला?"

"आपल्या ओळखीतला माणूस, लिहायचं काय?"

"इथेच गोम आहे. 2016 मध्ये मध्य प्रदेशात बटाईदारांचा कायदा झाला. लेखी करार असला की नुकसानभरपाईत आणि विम्यात त्याचा हक्क उभा राहतो. कागद नाही तर सातबाऱ्यावर," इंदुरात उभी हयात काढूनही काका सातबाराच म्हणतात, इथे खसरा असतो, "तुझं नाव. गारपीट त्याच्या पिकावर, पैसे तुझ्या खात्यात."

बंड्याचा चेहरा उतरला, कारण मागे असं एकदा झालं होतं आणि ते आम्हाला ठाऊक होतं.

मी सरळ विचारलं: मिरचीत जाळी, कागद, फवारणी, मजुरी, हे सगळं कोण भरतं? बंड्या म्हणाला, तो भरतो, आणि पीक अर्धं अर्धं. मग मक्याकडे वळणारा माणूस डरपोक कसला, तो नीट हिशेब करतोय. मक्यात मिळेल कमी, पण बुडेलही कमी. बुडण्याचा अर्धा वाटा तुझ्याकडे नसेल, तर पिकाची निवड तरी त्याच्याकडे राहू दे.

"बरं," बंड्या वैतागून म्हणाला, "ड्रिप आणि मल्चिंगचे अर्धे पैसे मी देतो. पण मग मिरचीच."

"कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी लाव," तात्या लगेच. "माशीला आडोसा होतो. त्याचाही मान राहील."

"आणि पुढच्या वर्षी तो सोडून गेला तर ड्रिप कुणाचं?" काकांनी कप खाली ठेवला.

यावर दुसरा चहा मागवावा लागला. बंड्याचं म्हणणं, जमिनीत गाडलेलं ते जमीनमालकाचं. काकांचं म्हणणं, हेच आधी कागदावर लिही आणि मग त्याच्यासमोर मिरचीचा विषय काढ.