जर्मनीत भाड्याचं घर : पुण्यात बसून फ्लॅट पसंत करू नका

ब्लू कार्डचं, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्याचं, पक्कं झालं की लोक पहिलं काय करतात, तर म्युनिक नाहीतर फ्रँकफर्टचे फ्लॅट मोबाइलवर बघत बसतात. माझ्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय, आणि कधीकधी पैशांचाही. कायमच्या घराचे मालक भाडेकरूला समोर बघितल्याशिवाय सहसा सही करत नाहीत. भारतातून ठरवायची गोष्ट एकच : पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी सामानासकट तात्पुरती जागा. आणि तिथे 'आनमेल्डुंग' करता येईल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. भाडेकरार दाखवून भागत नाही, घर देणाऱ्याच्या सहीचा वेगळा कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार नाही जमला तरी चालेल, कागद मात्र सोडू नका. नोंदणीनंतर टॅक्स आयडी पोस्टाने येतो. तो वेळेत ऑफिसला दिला नाही तर सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात चढ्या दराने, कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो हो, पण डिपॉझिट भरायच्या महिन्यातच पगार तोकडा पडतो.

आणि पोस्टपेटीवर आपलं आडनाव लावा, पहिल्याच दिवशी. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, सगळं आल्या पावली परत जातं. लोक चार आठवडे बँकेला शिव्या घालतात आणि चूक पेटीवरच्या चिठ्ठीची असते.

आता जाहिरात कशी वाचायची ते. त्सिमर म्हणजे खोली, पण 'दोन त्सिमर' म्हणजे टू बीएचके नव्हे. बैठकीची खोलीही त्यात मोजतात, स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. म्हणजे दोन त्सिमर हा आपला वन बीएचके. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. 'काल्टमीटे' हे नुसतं जागेचं भाडं, 'वार्ममीटे'त त्यावर पाणी, कचरा, जिना सफाई आणि बहुतेक वेळा हीटिंग येतं. वीज आणि इंटरनेट सहसा वेगळं. हा वरचा खर्च फक्त अंदाजे घेतलेला असतो. वर्षाचा हिशेब नंतर येतो, आणि जुन्या, थंडी शिरणाऱ्या घरात काहीशे युरो भरायला सांगणारं पत्र येणं नवलाचं नाही. म्हणून घराचा ऊर्जा दाखला, एनर्जीआउसवाइस, बघायला मागा. बजेट वार्ममीटेवर करा. मालक मात्र बऱ्याचदा काल्टमीटेच्या तिप्पट हातात येणारा पगार आहे का, हे बघतात.

स्वयंपाकघराचा धक्का बहुतेकांना बसतो. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' किंवा 'ईबीके', म्हणजे बसवलेलं किचन, असं लिहिलेलं नसेल तर तिथे बऱ्याचदा चार भिंती आणि नळाची तोंडं असतील, बास. ओटा, सिंक, शेगडी काही नाही. छताला दिव्याऐवजी वायरी लोंबत असतात. नवं किचन बसवायला काही हजार युरो आणि कित्येक आठवडे जातात. जुना भाडेकरू स्वतःचं किचन विकत असेल तर घासाघीस जरूर करा. पण मोडकळीला आलेलं किचन केवळ घर मिळावं म्हणून अव्वाच्या सव्वा किमतीला घेऊ नका.

मोठ्या शहरात चांगल्या जाहिरातीवर काही तासांत शेकडो अर्ज पडतात, म्हणून फाईल आधीच तयार हवी, एकाच पीडीएफमध्ये : नोकरीचा करार, असतील तेवढ्या पगारपावत्या, पासपोर्ट, व्हिसा, भरलेला भाडेकरू फॉर्म. मालक 'शूफा' हा पत-अहवाल मागतात. नव्या माणसाचा तो जवळजवळ कोरा असतो, त्याला इलाज नाही. जोडीला नोकरीचा पक्का करार आणि बँकेतली शिल्लक दाखवा. निरोप जर्मनमध्ये, सहा-सात ओळींचा : किती माणसं, नोकरी काय, कधीपासून जागा हवी. 'हाय, इज धिस अव्हेलेबल' एवढंच पाठवलं तर उत्तराची वाट बघू नका.

पैशांचे नियम आपल्यापेक्षा बरे आहेत. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा कायदेशीर हक्क आहे. १ जून २०१५ पासून एजंट ज्याने नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. मालकाच्या एजंटने तुमच्याकडे दलाली मागितली तर ती बेकायदेशीर. 'मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' हा मेल म्हणजे शंभर टक्के फसवणूक, मग पासपोर्टचा फोटो कितीही खरा दिसो. घर बघून, सही करून, मग पैसे.

आपल्या ११ महिन्यांच्या कराराची सवय असते, तिथला नेहमीचा करार बेमुदत असतो. सोडताना तीन महिन्यांची नोटीस, सहीच्या कागदावर. ईमेल चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना धरतात. करारात 'क्युंडिगुंग्सफेरत्सिश्ट' हा शब्द शोधा. तो असेल तर ठरावीक काळ नोटीसच देता येत नाही. प्रोबेशनवर असताना दोन वर्षांचं असं कलम मान्य करणं मला तरी वेडेपणा वाटतो.

किल्ली घेताना 'युबरगाबेप्रोटोकॉल', म्हणजे घराच्या अवस्थेची नोंद करणारा कागद, भरतात. फरशीवरचा ओरखडा, टाइलची चीर, किल्ल्यांची संख्या, मीटरचे आकडे, सगळं त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. डिपॉझिटवरून भांडण झालं तर हाच कागद उपयोगी पडतो. बुरशीचे जुने डाग तर आवर्जून नोंदवा, कारण पुढे खापर तुमच्या फोडणीवर आणि कुकरच्या वाफेवर फुटतं. बुरशी धरू नये म्हणून हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा. वीज कंपनी निवडली नाही तरी दिवे लागतात, पण तुम्ही स्थानिक मूळ पुरवठादाराकडे जाता आणि तो बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांच्या नोटिशीने बदलता येतो. आणि टीव्ही नसला तरी महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्काचं पत्र येणारच. ते माणशी नसून घरामागे असतं, म्हणून दोघं-तिघं मिळून राहत असाल तर एकानेच भरा.