खारी हवा, खड्डे आणि अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक: फिरत्या मेसेजला उत्तर

किनाऱ्यावरच्या सायकल ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: कोकणात अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक घेऊ नका. प्रत्येक दणका थेट कण्यात येतो, पाच वर्षांत धातू थकून फ्रेम तुटते, खारी हवा तिची पावडर करते. घाट चढायचे तर कार्बन फायबरची फ्रेम घ्या, परवडत नसेल तर स्टील घ्या, कुठल्याही गावात वेल्डिंग होतं. हे वाचून चांगली फ्रेम विकायला काढली असेल, तर थोडं थांबा.

"दणका थेट कण्यात येतो"

अ‍ॅल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅम, पोलादाची (म्हणजे स्टीलची) 7.85. वाकायला मात्र अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या तिप्पट सोपं. ही कसर भरून काढायला नळ्यांचा व्यास वाढवतात. 1980-90 च्या दशकांतल्या काही फ्रेममध्ये तो इतका वाढवला होता की त्या खरोखर ताठ लागत. बदनामी तेव्हाची आहे, ती आजच्या फ्रेमच्या माथी मारू नये. शिवाय फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. धातू कुठलाही असो, त्रिकोण उभ्या दिशेने फारसा दबत नाही. खड्ड्यात खरा दबतो तो टायर.

खात्री करायची तर आरे-वारेच्या रस्त्यासारखा चढ-उताराचा, ठिगळांचा एक तुकडा ठरवा आणि त्यावरून दोनदा जा. आधी 25 मिमी टायर 110 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप), मग 28 मिमी टायर पुढे 65 आणि मागे 70 वर (साधारण 70 किलो वजनाच्या माणसासाठी). बाकी काही बदलू नका: सीटची उंची तीच, हातमोजेही तेच. दुसऱ्या फेरीत मनगटांना येणारी झिणझिणी उतरलेली जाणवेल, आणि फ्रेम तर तीच असेल. मोठा टायर बसवण्याआधी चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा चिमटा) दोन्ही बाजूंना किमान 4 मिमी जागा राहते का ते मोजा. जांभ्याचा चिकट लाल चिखल त्या फटीत अडकला की रंग खरवडून काढतो. हवाही फार कमी नको, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

"पाच वर्षांत धातू थकतो"

अर्धं खरं आहे. अमुक ताणाखाली कितीही वेळा वाकवा, तडा जाणारच नाही, अशी मर्यादा पोलादाला असते. अ‍ॅल्युमिनियमला ती नसते. पण थकवा मोजायचा तो ताणाच्या फेऱ्यांनी, कॅलेंडरने नव्हे. भिंतीवर टांगलेली फ्रेम दहा वर्षांनीही थकत नाही. सायकलींच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, आयएसओ 4210 च्या, चाचणीत रेसिंग फ्रेमच्या पेडलवर 1100 न्यूटन, म्हणजे सुमारे 110 किलोचा जोर, 1 लाख वेळा देतात. सपाटीवर आरामात चालवताना त्याच्या पावपटही जोर पडत नाही.

म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा जागा तपासा. हेडट्यूबला (हँडलखालची आखूड नळी) डाऊनट्यूब (तिथून पेडलकडे उतरणारी तिरकी नळी) मिळते तिथला खालचा वेल्ड, बॉटम ब्रॅकेटजवळचे (पेडलचा आस बसतो ती जागा) चेनस्टे, सीटट्यूबच्या (सीटखालची उभी नळी) वरच्या चिरेचं टोक आणि मागचे ड्रॉपआऊट (मागचं चाक अडकतं त्या खाचा). साबणाने धुऊन सुकवा, बॅटरीचा उजेड तिरका पाडा आणि सुती फडकं फिरवा. धागा अडकला किंवा रेघेत नख ओढ घेऊ लागलं, तर तडा फक्त रंगाला आहे असं गृहीत धरू नका. रेघेच्या टोकांवर पेन्सिलने खूण करा. रेघ खुणेपलीकडे गेली की ती फ्रेम त्या दिवसापासून बंद.

"खारी हवा पावडर करते"

पावडर होते, पण कुठे होते ते मेसेज सांगत नाही. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि आतला धातू राखतो. दुखणं सुरू होतं दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटतात तिथे: बाटलीच्या स्टँडचे स्टीलचे बोल्ट, केबलचे स्टॉप (केबलचं आवरण जिथे टेकतं ते तुकडे), आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे सीटपोस्ट (सीट धरणारा, फ्रेममध्ये सरकणारा दांडा). आरामासाठी म्हणून कार्बनचा सीटपोस्ट घातला असेल तर दुप्पट लक्ष द्या. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र भिजले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच. पांढरी भुकटी फुगते आणि पोस्ट असा बसतो की शेवटी करवतीने कापावा लागतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा एवढं करा. उंचीच्या खुणेला पोस्टवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, पोस्ट काढा, सायकल उलटी करून आतलं पाणी निथळू द्या. नळीचं तोंड आतून फडक्याने पुसा. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पोस्टला ग्रीस, कार्बनच्या पोस्टला कार्बन पेस्ट (पोस्ट घसरू नये म्हणून लावायची खरखरीत पेस्ट). पोस्ट आवळणारा क्लॅम्प 5 ते 6 न्यूटन-मीटरने (बोल्ट आवळण्याच्या जोराचं माप) आवळा, त्यावर छापलेला आकडा कमी असेल तर तो. बाटलीचे बोल्ट ग्रीस लावून 2 ते 3. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर तुषार अंगावर आले असतील, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पण बेअरिंगवर प्रेशरचा फवारा मारू नका. घामही खाराच असतो, त्यामुळे स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि हेडसेटची (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगची) टोपी पुसायची राहू देऊ नका.

खडी उडून रंगाचा टवका गेला की तिथून रंगाखाली गांडुळासारख्या रेघा सरकू लागतात. सुटा रंग बारीक पॉलिश पेपरने काढा, कोरडं करा आणि नेलपॉलिशचे दोन हात द्या. स्टील याच हवेत नळीच्या आतून गंजतं आणि बाहेरून कळतही नाही, हे मेसेजमध्ये नाही.

"घाटासाठी कार्बनच"

चांगल्या अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फ्रेममधला फरक 400 ग्रॅम धरू. माणूस, सायकल, पाणी मिळून 82 किलो, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचा. आंबोलीसारख्या तासाभराच्या चढावर सुमारे 18 सेकंद. दोन भरलेल्या बाटल्याच दीड किलोच्या होतात. 1998 ची टूर द फ्रान्स मार्को पांतानीने अ‍ॅल्युमिनियमच्या बियांकीवर जिंकली. माहितीपत्रकातलं वजन बहुधा एकाच मापाच्या फ्रेमचं असतं, कित्येकदा रंगाशिवायचं. पेडल आणि स्टँडसकट सायकल मासळीच्या लटकत्या काट्याला लावा आणि तोच आकडा धरा.

"स्टीलला कुठेही वेल्डिंग होतं"

स्टीलची दुरुस्ती सोपी, हे मान्य. अ‍ॅल्युमिनियमला मात्र ग्रिलवाल्याकडून आर्गन गॅसचं वेल्डिंग मारून घेऊ नका. 6061 या फ्रेमसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद वेल्डनंतरच्या उष्णोपचाराने येते: सुमारे 530 अंशांवर तापवून झटक्यात थंड करणं, मग कमी तापमानावर काही तास मुरवणं. गॅरेजात शिवलेल्या जोडाशेजारचा पट्टा मऊ राहतो आणि पुढचा तडा तिथेच जातो. हलक्या फ्रेममध्ये नळीचा मधला भाग 1 मिमीहूनही पातळ असू शकतो, म्हणून एसटीच्या टपावर बांधताना दोरी टॉपट्यूबवर (वरची आडवी नळी) आवळू नका, सीटपोस्टला बांधा.

सायकल पडून मागचा हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला लटकतो तो तुकडा) वाकला, तर फ्रेम गेली असं समजू नका. बहुतेक फ्रेममध्ये तो बोल्टने बसवलेला सुटा तुकडा असतो. आपल्या मॉडेलचा एक हँगर सीटखालच्या पिशवीत ठेवा. अ‍ॅलन की असेल तर रस्त्याकडेलाही बदलता येतो.