जास्त सोक दिला म्हणजे जॉइंट चिवट झाला?

‘वेल्डिंगनंतर हीट ट्रीटमेंट केली की जॉइंट चिवट होतो. कठीणपणा उतरला की काम झालं. शंका असेल तर सोक तासभर वाढवा, बिघडत काहीच नाही.’ हा सल्ला सध्या बराच फिरतोय. (सोक म्हणजे वेल्ड केलेला भाग ठरलेल्या तापमानावर धरून ठेवायचा वेळ.)

पहिलं वाक्य काही स्टीलना लागू पडतं. पी-९१ हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील घ्या. वेल्ड थंड झाला की आत ताजं मार्टेन्साइट असतं, म्हणजे स्टीलची कठीण, ठिसूळ रचना. जॉब (वेल्ड केलेला भाग) १०० अंश सेल्सिअसखाली उतरू देऊन मग ७५०-७६० अंशांवर धरल्याशिवाय त्यात चिवटपणा येत नाही. तिथे टाळाटाळ नकोच. पण वेल्ड मेटलमध्ये नायोबियम किंवा व्हॅनेडियम असेल, तर ६०० अंशांच्या आसपास बारीक कार्बाइड कण तयार होऊन वेल्ड उलट कठीण होऊ शकतो आणि चार्पीचा (खाच पाडलेला नमुना हातोड्याने तोडून चिवटपणा मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा घसरतो.

कठीणपणाची गोष्ट जास्त फसवी आहे. सव्वादोन टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनमचं स्टील साधारण ३७५ ते ५७५ अंशांच्या पट्ट्यातून फार सावकाश उतरलं, किंवा वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात चाललं, की फॉस्फरस आणि कथील कणसीमांवर, म्हणजे स्टीलमधल्या स्फटिककणांच्या सीमांवर, जाऊन बसतात आणि स्टील ठिसूळ होतं. हार्डनेस टेस्टरचा आकडा जवळपास तोच राहतो. फरक दिसतो तो तुटलेल्या चार्पी नमुन्यात. चांगल्या नमुन्याचा तुटका भाग मळकट, तंतुमय, कडेला फुगलेला. ठिसूळ नमुन्याचा सपाट, साखरेसारखा चमचमणारा.

आणि जादा सोक? क्वेंच-टेम्पर (झटकन थंड करून पुन्हा तापवलेली) प्लेट मिलमधल्या टेम्परिंगच्या तापमानावर तापवली तर ताकदच जाते. साध्या कार्बन स्टीललाही, ५९५ अंशांच्या वर, दर २५ मिलिमीटर जाडीला तासभर हा ढोबळ हिशेब पुरतो. पुढे कार्बाइड जाडे होत जातात. शिवाय वेळ साठत जातो, दुरुस्तीनंतरचा प्रत्येक फेरा त्यात धरायचा. क्रोम-मॉली-व्हॅनेडियम स्टीलच्या हीट अफेक्टेड झोनला (वेल्डला लागून, उष्णतेने बदललेल्या पट्ट्याला) तर भट्टीतच तडे जाऊ शकतात. (ते ‘बिघडत काहीच नाही’मध्ये कसं बसतं, कळत नाही.)

म्हणून कुणी तापमानाचा चार्ट पुढे केला की मी विचारतो: सगळ्या फेऱ्यांइतका वेळ कूपनलाही (चाचणीसाठी वेल्ड केलेल्या नमुना-तुकड्यालाही) दिला होता का? आणि चार्पी नमुन्यावरचा नॉच (खाच) नेमका कुठे पाडला होता? हीट अफेक्टेड झोन जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. नॉच थोडा सरकला की मोजणी भलत्याच स्टीलची होते.